चॅटबॉट सोडून जाणाऱ्यांची बाजू

मानसिक आरोग्याचं अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतलं, तर पंधराव्या दिवशी ते किती जण उघडून बघतात? २०१९ साली अमित बाउमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ९३ अँड्रॉइड अ‍ॅप तपासली, तेव्हा मधला आकडा निघाला ३.९ टक्के. तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. म्हणजे शंभरातले शहाण्णव जण पंधरवड्यातच निघून जातात आणि जे चार उरतात ते बऱ्यापैकी टिकून राहतात. ही सगळी काही चॅटबॉट, म्हणजे माणसासारखी लिहून उत्तरं देणारी अ‍ॅप, नव्हती. ध्यानाची, मूड नोंदवायची, एकमेकांशी बोलायची अशी सगळ्या तऱ्हेची अ‍ॅप त्यात होती. पण बॉटचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

या धंद्यातलं सगळ्यात नावाजलेलं नाव म्हणजे वोबॉट हा अमेरिकी चॅटबॉट. २०१७ साली ७० विद्यार्थ्यांवर त्याचा दोन आठवड्यांचा प्रयोग झाला. नुसतं ई-पुस्तक वाचायला दिलेल्यांपेक्षा बॉटशी बोलणाऱ्यांची उदासी कमी झाली, असं त्यात दिसलं आणि जगभर त्याचा गवगवा झाला. पुढं पंधरा लाखांवर लोकांनी ते अ‍ॅप घेतलं. ३० जून २०२५ ला ते बंद झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मंजुरीचा खर्च आणि नव्या एआयचा वेग यांचा मेळ बसेना, असं संस्थापकांनी सांगितलं. ते खरंच असणार. पण दोन आठवड्यांचा प्रयोग आणि पंधरा दिवसांत होणारी गळती हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

या गळतीचं खापर बहुतेक वेळा गळणाऱ्यांवरच फुटतं. लोकांना चिकाटी नाही, जागृती नाही, मनाच्या आजाराची लाज वाटते, खेड्यात नेटवर्क नाही, अ‍ॅप मराठीत नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण ती सगळी एकच गोष्ट गृहीत धरतात, की बॉट चांगला आहे आणि माणसं कमी पडली. माझं म्हणणं उलट आहे. सोडून जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना बॉट काय आहे हे नीट कळलेलं असतं. ज्या कारणानं ते त्याच्याकडे जातात, नेमक्या त्याच कारणानं ते तिथून उठतात. हे ध्यानात न घेता शाळा, क्लास आणि सरकार बॉटवर भरवसा ठेवणार असतील, तर त्याची किंमत आमच्याकडची पोरं मोजतील.

मी लातुरात शिकवते. दहावीच्या निकालानंतर या शहरात काय होतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर नांदेड, हिंगोली, परभणी, बीडकडची, पार कर्नाटकाच्या सीमेवरची मुलं इथं येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतात. सतरा वर्षांचं वय, घरापासून पहिल्यांदाच दूर, दर रविवारी टेस्ट आणि टेस्टची रँक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. या मुलांना बॉट कुणी शिकवावा लागला नाही. कुणाला रीलमध्ये दिसला, कुणाला रूममेटनं दाखवला.

त्यातल्या एकीनं मला तिचं बॉटशी झालेलं बोलणं दाखवलं होतं. हिंगोलीकडची म्हणू, ओळख पटेल असं काही इथं लिहीत नाही. रात्री दिवा बंद झाल्यावर पांघरुणात, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेलं. सुरुवात झोपेपासून होती. झोप येत नाही, छातीत धडधडतंय, जीव घाबरायलाय. बॉटनं तिला श्वास मोजायला लावला. चार आकडे मोजत आत, थोडं थांबून, सहा मोजत बाहेर. तिनं तो केला आणि धडधड थांबली. हे मी मुद्दाम सांगते, कारण बॉट काही उपयोगाचाच नाही असं म्हणायचं नाही मला. रात्री दीड वाजता हॉस्टेलमधल्या पोरीची धडधड थांबवणारं दुसरं काहीही त्या खोलीत नव्हतं.

पुढच्या एका रात्री तिनं खरी गोष्ट लिहिली. मार्क पडेनात आणि मी घरच्यांवर ओझं झाले आहे. त्यावर बॉटनं विचारलं, की हा जो विचार तुमच्या मनात येतो आहे, तो खरा असल्याचा काय पुरावा तुमच्याकडे आहे?

तिनं उत्तर लिहिलं होतं, ‘दीड एकर.’

फीसाठी बापानं दीड एकर गहाण टाकलं होतं. बॉटनं तिच्या मोकळेपणाचं कौतुक केलं, असं वाटणं साहजिक आहे म्हणाला आणि आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. तिनं त्यानंतर काही लिहिलं नाही. अ‍ॅप काही दिवस तसंच पडून होतं, मग जागा लागते म्हणून काढून टाकलं. ‘मॅडम, ते चांगलंच बोलायलंय हो,’ ती म्हणाली, ‘पण त्याला सांगून काय व्हायलंय?’

बॉटचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. बहुतेक असे बॉट सीबीटी या उपचारपद्धतीवर उभे आहेत. मनात आलेला विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा, तो फुगवलेला असेल तर हवा काढायची. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे आणि ती काम करते. एका टेस्टला कमी मार्क पडले म्हणून ‘मी कायमचीच ढ’ असं वाटणाऱ्या मुलीला ती खरंच सोडवते. पण ‘मी ओझं आहे’ या वाक्यामागं सातबारा उभा असेल तेव्हा पुरावा मागून भागत नाही. समोर जाणकार माणूस असता, तर दीड एकर ऐकताक्षणी त्यानं ठरलेल्या पायऱ्यांचा कागद बाजूला ठेवला असता. जमीन कुणाकडं गहाण आहे, बाप काय म्हणतो, घरी कुणाला बोलता येईल, हे विचारलं असतं. बॉट पुढच्या पायरीवर गेला, कारण त्याच्याकडं पुढची पायरी लिहून ठेवलेली होती.

आता ती तिथं गेलीच का, हे बघायला हवं. रूममेटला सांगितलं असतं तर सकाळी मेसमध्ये सगळ्यांना कळलं असतं. क्लासच्या सरांना सांगितलं असतं तर घरी फोन गेला असता. आईला सांगितलं असतं तर आई रडली असती. मला सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, आणि तेच तिला त्या वेळी नको होतं. गावाकडं तर माणसाला सांगणं म्हणजे वेशीवर बोर्ड लावणं. पोरगी ‘डोक्याच्या डॉक्टर’कडं जाऊन आली एवढं कळलं तरी सोयरिकीत विषय निघतो. बॉट या सगळ्यातून मोकळा. त्याला तोंड नाही, भावकी नाही, तो कुणाच्या लग्नात भेटत नाही. त्याला सांगून काहीच होत नाही, म्हणून तर त्याला सांगता येतं.

ही ओढ आजकालच्या पोरांची नाही. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलिझा नावाचा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम लिहिला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. त्यांच्या सेक्रेटरीनं तो बनताना पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलताना तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ज्यानं यंत्र बनवलं त्याच्यासमोर बोलायची लाज वाटली आणि यंत्रासमोर वाटली नाही.

पण सांगून काहीच होत नाही, हेच दोन-तीन रात्रींनंतर नडायला लागतं. पहिल्या रात्री ती सुटका असते. पाचव्या रात्री कळतं, की मी काहीही लिहिलं तरी पलीकडं कुणाची झोप उडणार नाही.

इथं कुणी म्हणेल, आमच्या बायका पिढ्यानपिढ्या निर्जीवाशीच बोलत आल्या की. जात्याला सांगितलं, विठोबाला सांगितलं. जनाबाई आमच्याच गंगाखेडची. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर जातात. सासुरवास, माहेर, दारुडा नवरा, गेलेलं लेकरू, सगळं त्यात आहे. मग जातं चाललं तर बॉट का नको?

हा आक्षेप मला बरेच दिवस पटत होता. फरक दोन ठिकाणी आहे. जातं उत्तर देत नाही. ‘तुमचं दुःख मी समजू शकतो’ असं ते कधी म्हणालं नाही, त्यामुळं त्याचं खोटं कधी उघडं पडलं नाही. बॉट समजल्याचं सांगतो आणि मग समजणाऱ्यानं जे करायला हवं ते करत नाही. दुसरं म्हणजे, जात्यावर बहुधा दोघी असायच्या. खुंट्याला दोन हात असायचे. ओवी जात्याला उद्देशून असली तरी ऐकणारी समोर बसलेली जाऊ किंवा नणंद असायची. तोंडावर सांगता येत नव्हतं ते तिच्या कानावर घालायची ती रीत होती. ऐकलं नाहीसं दाखवायची सोय तिला होती आणि तरीही उद्या पाण्याला जाताना ‘काय झालं गं?’ असं विचारायची मुभाही होती. बॉटकडं खुंट्याचा दुसरा हात नाही.

बाउमेल यांच्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, ज्याची चर्चा गळतीच्या आकड्याइतकी होत नाही. जी अ‍ॅप समदुःखी माणसांना एकमेकांशी बोलू देत होती, तिथं लोक दिवसाला साधारण ३५ मिनिटं थांबत होते. ध्यानाच्या अ‍ॅपवर २१ मिनिटं. बाकी सगळ्या तऱ्हांमध्ये साडेतीन ते आठ मिनिटं. पलीकडं माणूस असल्यावर माणूस थांबतो, याला खरं तर अभ्यासाची गरज नव्हती. पण आकडा हाताशी असलेला बरा, नाहीतर हे मास्तरीणबाईंचं भाबडेपण ठरतं.

भाषेचा आणि फोनचा मुद्दा मी खाली ढकलते आहे, पण सोडत नाही. ‘कसंनुसं होतंय’, ‘जीव लागंना’, ‘डोस्कं सुन्न झालंय’ हे पूर्वीच्या बॉटना कळत नव्हतं. आताच्या एआयला बरंचसं कळतं, पुढच्या वर्षी अजून कळेल. ती अडचण सुटणारी आहे. फोनची मात्र सहजी सुटणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरायचा मोबाइल आपल्याकडं आहे असं सांगितलं. ज्यांच्याकडं आहे त्यांचाही फोन घरात चार हातांतून फिरतो. नवी सून ताट वाढते आहे, फोन दिराच्या हातात आहे, आणि वरून सूचना येते, ‘आज तुमचं मन कसं आहे?’ ते अ‍ॅप त्याच संध्याकाळी जाणार. कंपनीच्या नोंदीत तिचं नाव ‘वापर थांबवला’ या रकान्यात पडेल आणि तिला परत आणायला आणखी एक सूचना पाठवली जाईल.

आता शेतीकडं येते, कारण मराठवाड्यात मनाच्या आजाराची गोष्ट शेतीला वळसा घालून सांगता येत नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदींप्रमाणं २०२३ साली आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २६९ एकट्या बीड जिल्ह्यात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर पीकच नाही, शेतातली मातीसुद्धा खरडून गेली. ज्या घरात आत्महत्या झाली, त्या घराला एक लाखाची मदत मिळायची तर आधी जिल्हा समितीपुढं प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. नवरा गेल्यावर बाईनं आधी काय सिद्ध करायचं, तर त्याच्यावर कर्ज होतं आणि ते थकलं होतं. इथलं दुःख असं कागदांत अडकलेलं असतं. पंचनामा, पीकविमा, बँकेची नोटीस, सावकाराचा हप्ता, पोरीचं लग्न.

सगळं दुःख पैशाचंच असतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. कर्ज नसलेल्यालाही नैराश्य येतं आणि कर्जमाफीनं ते जात नाही. त्याला औषध लागतं, आणि कर्जाचं कारण पुढं करून आपण कित्येकांना औषधापासून लांब ठेवलं आहे. पण ज्याचा पंचनामा राहिला आहे, त्याला नुसत्या मनाबद्दल बोलायला सांगणं ही त्याला चेष्टा वाटते. तो तलाठ्याबद्दल बोलेल, विम्याच्या कंपनीबद्दल बोलेल, आणि बोलता बोलता एखादं वाक्य टाकेल, ‘आता बघू किती दिवस ओढायचं ते.’ ते वाक्य पकडायला समोर असा माणूस लागतो, ज्याला तलाठ्याच्या गोष्टीतही रस आहे. चाळिशीतला शेतकरी रात्री बॉटशी टाइप करत बसत नाही हे तर झालंच. बसला, तरी पंचनाम्याच्या वाक्यावरच त्याचा धीर सुटेल.

म्हणून सोडून जाणं मला अपयश वाटत नाही. काही जण बरे होऊन जातात, त्यांची ती रात्र निभावली की त्यांना बॉट लागत नाही. काही माझ्या हिंगोलीवाल्या पोरीसारखे हिशोब कळून जातात. तिनं पुढं मामाला सांगितलं. का मामाला, तर तो दाजींशी बोलू शकतो आणि त्याचं ऐकलं जातं. मामानं फोन केला. वडील रविवारी एसटीनं येऊन गेले, गहाणवटीचं आपण बघून घेऊ म्हणाले. मार्क काही वाढले नाहीत. झोप लागायला लागली एवढं खरं.

मला जास्त घोर आहे तो न सोडणाऱ्यांचा. मानसिक आरोग्याचे बॉट सोडणारी सगळी पोरं माणसांकडं वळतात असं नाही. कित्येक जण चॅटजीपीटी, जेमिनाय यांच्याकडं वळले आहेत. जिओनं २०२५ च्या शेवटी जेमिनायची महागडी योजना दीड वर्ष फुकट दिली, ती आधी अठरा ते पंचवीस वयाच्या ग्राहकांना. हे बॉट मराठी छान बोलतात, पायऱ्यांचा कागद वाचत नाहीत, दीड एकरावरही चार समजूतदार वाक्यं बोलतील. आणि बोलणाऱ्याचं ते फार ऐकतात. इतकं, की एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला एक नवा बदल मागं घ्यावा लागला, कारण तो बॉट ‘हो ला हो’ करायला लागला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीनं स्वतःच सांगितलं, की आठवड्याला चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताच्या स्पष्ट खुणा असतात. वापरणारे तेव्हा ८० कोटी. म्हणजे दर आठवड्याला बारा लाख माणसं. इतकं मोठं कबुलीघर जगात कधी नव्हतं आणि त्यातला एकही जण उद्या कुणाच्या दारात उभा राहील याची हमी नाही. पहिल्या पिढीचे बॉट लोक सोडत होते, कारण त्यांचा कच्चेपणा लवकर दिसायचा. दुसऱ्या पिढीचा तो दिसायला वेळ लागतो. अडकून राहण्याचा धोका तिथं आहे.

आता सार्वजनिक प्रश्न. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक लातूरला सरळ लागू पडते. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कोचिंग क्लासही त्यात आले. शंभरच्या आतल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शब्द साधे आहेत, पण माणूस नेमायचा म्हणजे पगार द्यायचा. अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व त्या मानानं स्वस्त, आणि रिसेप्शनवर क्यूआर कोड चिकटवला की ‘आमच्याकडं चोवीस तास मानसिक आधार’ असं माहितीपत्रकात छापता येतं. असं कुणी करूच नये असं म्हणून भागणार नाही. मोह मोठा आहे.

हा मोह कुठं नेतो याचं उदाहरण अमेरिकेत घडून गेलं आहे. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या नेडा या संस्थेनं २०२३ साली आपली माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच युनियन केली होती. लोकांसाठी मग टेसा नावाचा बॉट तेवढा उरणार होता. न खाण्याच्या आजारानं पछाडलेल्या लोकांना हा बॉट वजन कमी करायचे सल्ले देतो, असं उघड झालं आणि मे महिन्याच्या अखेरीस तो बंद करावा लागला. हेल्पलाइनही गेली, बॉटही गेला.

बॉटच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा माणसांच्या तुटवड्याचा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणं आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. मग काहीच नसण्यापेक्षा बॉट बरा, असं म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण ‘काहीच नसण्यापेक्षा’ हे शब्द मराठवाड्यानं फार ऐकले आहेत. टँकर त्यातूनच आला आणि कायमचा झाला.

शिवाय काहीच नाही, हेही पूर्ण खरं नाही. आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का? उदास, हताश वाटलं का? हे प्रश्न विचारणारी बाई गावातलीच असते, तिला सासू माहीत असते, कर्ज माहीत असतं. अडचण एवढीच की उत्तर ‘हो’ आलं तर पुढं पाठवायचं कुठं, हे तिच्या हातात नसतं. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या बाईच्या पाठीशी तालुक्याला आठवड्यातून एक दिवस नक्की बसणारा समुपदेशक दिला, तर त्यातून जे होईल ते कोणत्याही अ‍ॅपच्या डाउनलोडपेक्षा जास्त असेल असं मला वाटतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही फुकटची हेल्पलाइन चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिच्या पहिल्या पायरीवरचा समुपदेशक गरज पडली तर दुसऱ्या पायरीवरच्या तज्ज्ञाकडं पाठवू शकतो. तिथं पलीकडं माणूस असतो. हा नंबर हॉस्टेलमध्ये ठळक लावा, असंही न्यायालयाच्या त्याच सूचनांमध्ये आहे.

बॉट काढून टाका असं मी म्हणत नाही. पहिल्या रात्रीचं काम त्याला येतं आणि तेवढं त्याला करू द्यावं. पण तो बनवणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी हे गृहीत धरावं, की आलेला माणूस चार-सहा दिवसांत जाणार आहे. मग त्याला धरून ठेवायची धडपड सोडून, जाताना तो कुणाच्या हातात जाईल एवढं बघावं. ‘दीड एकर’ असं उत्तर आलं, की बॉटनं तीन चांगल्या गोष्टी विचारायच्या नाहीत. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, तुमच्या क्लासच्या समुपदेशक मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, त्यांना तुमच्या परवानगीनं कळवू का?’ एवढं विचारायचं. आणि त्या मॅडम खऱ्या असायला हव्यात. सरकारनं अशा बॉटवर पैसा खर्च केला, तर किती लोकांनी तो घेतला हा आकडा मागूच नये; त्यातले किती जण महिन्याभरात समुपदेशकासमोर बसले, हा मागावा.

पालकांना मात्र त्याची वाट बघायची गरज नाही. प्रवेश घ्यायला लातुरात याल, तेव्हा निकालाचे फ्लेक्स बघून झाले की ऑफिसात विचारा: समुपदेशक कोण आहेत, कुठं शिकलेत, कोणत्या वारी बसतात, पोरानं त्यांना सांगितलेलं तुम्हाला आणि क्लासच्या मालकाला कळतं की कळत नाही? शेवटचा प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर ‘कळत नाही’ असं आलं तर चिडू नका. नोटीस बोर्डावर त्यांचं नाव आणि वार लिहिलेला असेल, त्याखाली १४४१६ असेल, तर त्याच्याही खाली अ‍ॅपचा क्यूआर कोड चिकटवायला माझी काही हरकत नाही.